नव्वद घाणे

सोमवार, ३ मार्च

आजपासून मोजणी सुरू. सकाळचा घाणा ४.२, दुपारचा ४.१. दोन्ही पास. उरले अठ्ठ्याऐंशी.

मी कागदोपत्री ‘बॅच’ लिहिते, पण इथे सगळ्या बायका घाणाच म्हणतात. एक हंडा भरून टोमॅटोचा गर शिजला, बरण्यांत भरला, झाकणं बसली, की झाला एक घाणा. रोज दोन. लागोपाठ नव्वद घाण्यांची आम्लता ठरलेल्या आकड्यात बसली, की आमच्या प्रक्रिया केंद्राला स्वतःची तपासणी स्वतः करायची मुभा मिळेल. मग मुख्य कार्यालयाचा माणूस महिन्यातून एकदा येऊन गेला तरी पुरतं.

आणि मला जाता येईल. पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशाचं पत्र येऊन आठ दिवस झाले. ३१ मेपर्यंत हजर व्हायचं आहे. तोवर परवान्यावर ‘जबाबदार व्यक्ती’ म्हणून माझं नाव आहे, कारण या अकरा गावांत अन्नतंत्रज्ञानाची पदवी असलेली मी एकटीच. मी नसेन त्या दिवशी केंद्र बंद. बॉयलरमध्ये वाफ असेपर्यंत मी फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही, असं नियमातच लिहिलंय. ही वहीसुद्धा मी हंडे गार व्हायची वाट बघत लिहिते आहे.

सकाळी सगळ्यांसमोर बोलले. चार तक्ते लावले होते, रात्रभर जागून रंगवलेले. आम्लता निर्देशांक, त्याची मर्यादा, सूक्ष्मजीवजन्य विषबाधेचा संभाव्य धोका, नोंदींचं महत्त्व. शेवटी म्हटलं, “आकडा जितका वर, तितका आंबटपणा कमी. ४.२ च्या वर गेला की घाणा नापास. अख्खा ओतून द्यायचा. यात दयामाया नाही.” बायका टाळ्या वाजवून मोकळ्या झाल्या. रेडिओकाकू म्हणाल्या, “छान बोललात हो मॅडम. आता चूल पेटवायची का, टोमॅटो वाट बघून म्हातारे झाले.”

त्यांना सगळे रेडिओ म्हणतात, कारण अकरा गावांची बातमी त्यांच्याकडे आधी पोचते. मला त्यांनी लहानपणी मांडीवर खेळवलंय आणि आता मुद्दाम मॅडम म्हणतात.

गुरुवार, ६ मार्च

आठ घाणे झाले. पण आज तीन क्रेट परत आली. कारखान्यातल्या उपाहारगृहाचा आचारी बाबांना म्हणाला, तुमचा गर इतका आंबट की माझी माणसं तोंड वाकडं करतात. बाबा केंद्राची गाडी चालवतात. त्यांनी क्रेट उतरवली आणि टायरमधली हवा बघत बसले.

आई हंड्यांवरची मुख्य आहे. संध्याकाळी म्हणाली, “जरा कमी घालू का गं लिंबूसत्त्व? नावाला?”

मी म्हटलं, “आई, एक ग्रॅमसुद्धा नाही.” दर हंड्यासाठी लिंबूसत्त्वाची पुडी मी स्वतः तोलून देते आणि रिकामी पुडी परत घेते. पद्धत म्हणजे पद्धत.

“परत येत राहिलं तर पाळ्या कमी करतील म्हणे. चार गावांच्या बायकांना घरी बसवतील.”

“लोकांना सवय होईल.”

आई म्हणाली, “बरं.” आई वाद घालत नाही, हे तिचं मोठेपण आहे.

शनिवार, १५ मार्च

चोवीस! तक्रारी थांबल्या. त्याच आचाऱ्याने या आठवड्यात दुप्पट क्रेट मागवली. म्हणजे मी म्हणत होते तेच खरं, चवीची सवय व्हावी लागते.

आणि आकडे बघावेत! ४.१, ४.१, ४.१, ४.०, ४.१. शिकवताना आमचे सर म्हणायचे, हाताने केलेल्या कामात इतका सारखेपणा येत नाही. त्यांनी आमच्या बायका पाहिल्या नाहीत. चौथी-पाचवी शिकलेल्या बायका, पण पुड्यांची रिकामी पाकिटंसुद्धा घड्या घालून परत देतात. शिस्त ही शिक्षणावर नसते, हे मला इथे येऊन कळलं.

स्वच्छताही तशीच. फिटरकाका, म्हणजे बॉयलर सांभाळणारे, आज म्हणाले, “हंड्यांना पूर्वी खार चढायचा. खरवडून जीव जायचा. हल्ली आरशासारखे असतात.” मी म्हटलं, बायकांची मेहनत आहे. ते माझ्याकडे बघत राहिले, मग बिडी शोधायला लागले. फाटकाच्या आत बिडी ओढू नये हे मला त्यांना पुन्हा सांगावं लागलं.

शनिवार, २२ मार्च

छत्तीस.

माझी प्रयोगशाळा म्हणजे काचेची खोली. सात पावलं लांब, चार रुंद. तिथून सगळं काम दिसतं, ऐकू काही येत नाही. आत जायचं तर बूट बदला, टोपी घाला, औषधाच्या पाण्यातून चाला. हंडे चालू असताना मी सहसा जात नाही. नमुन्याचा पेला आई खिडकीच्या फटीतून देते, मी त्यात आंबटपणा मोजायची कांडी बुडवते, आकडा लिहिते. आज पेला आत देतानाही तिचा चमचा फिरतच होता. म्हणाली, गर खाली बसतो. तिची ही बारकाई माझ्यात यायला हवी.

दुपारी रेडिओकाकू काचेवर टकटक करून काहीतरी म्हणाल्या. मी खिडकीला कान लावला. “म्हटलं, आम्ही बरण्यांना झाकणं लावतो. तुम्हाला कुणी लावलं?” आणि सगळ्या जणी हसत सुटल्या. मीही हसले. मग पेटीसारख्या त्या खोलीत एकटीच उभी राहून मला एकदम श्वास कोंडल्यासारखा वाटला. दार उघडं होतं. तरीसुद्धा.

घरी आईने माझ्यासाठी बॅग आणून ठेवलीय. चाकांची. गल्लीतल्या दोन पोरी ती ढकलून बघत होत्या. मी म्हटलं, अजून चोपन्न बाकी आहेत. आई म्हणाली, “होतील. त्याची काळजी मला दे.”

बुधवार, २ एप्रिल

चोपन्न झाले. आज दुसऱ्या भागातले पाहुणे केंद्र बघायला आले होते. त्यांना त्यांच्याकडे असंच काढायचंय. त्यांच्यापुढे मी बोलले. दोन वर्षांपूर्वी भाव पडला की टोमॅटो जागेवर सडायचे. कुणाकडे हंडा नाही, कुणाकडे शीतगृह नाही, एकट्याला परवडतही नाही. आता अकरा गावांत मिळून तीन हंडे, एक बॉयलर, एक परवाना. बेचाळीस बायका पाळ्या लावून येतात. मागच्या वर्षी शहरात राहायला गेलेली दोन घरं परत आली. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, डोळ्यांनी पाहिलंय.

पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलं, “या सगळ्याचा आधार काय?”

मी आकड्यांचा तक्ता दाखवला. “विश्वास,” म्हटलं.

मागे उभ्या असलेल्या आईला ठसका लागला. पाणी प्यायला बाहेर गेली.

शनिवार, १२ एप्रिल

बहात्तर. पण आज एक विचित्र गोष्ट झाली.

कपाटात ठेवलेल्या बरण्या टिकाऊपणासाठी तपासायच्या होत्या. एकतिसाव्या घाण्याची बरणी उघडली. आकडा आला ४.८. कांडी धुतली, पुन्हा बुडवली. ४.८. चाळिसाव्याची उघडली. ४.७.

नोंदीत दोन्ही ४.१ आहेत.

४.६ च्या वर बरणीबंद गर म्हणजे... नाही. आधी यंत्र तपासते. कांडी जुनी झाली असणार.

सोमवार, १४ एप्रिल

कांडी चांगली आहे. तिन्ही प्रमाण द्रावणांत बरोबर आकडा दाखवते. सकाळच्या घाण्याचा पेला ४.१. त्याच घाण्याची बरणी, झाकण बसल्यावर अर्ध्या तासाने उघडलेली, ४.८.

पेला आणि बरणी यांच्यामध्ये काय आहे? हंडा. हंड्याच्या दुहेरी भिंतीत वाफ. भिंतीला बारीक चीर असेल तर वाफेचं पाणी गरात मिसळणार आणि आंबटपणा पातळ होणार. फिटरकाकांनी महिनाभर जोड तपासलेले नाहीत, नोंदवही कोरी आहे.

मला राग आला आणि बरंही वाटलं. कारण सापडलं की माणसाला बरं वाटतं.

मंगळवार, १५ एप्रिल

मी फिटरकाकांना सगळ्यांसमोर बोलले. बोलायला नको होतं, निदान सगळ्यांसमोर. “तुमच्या आळसामुळे अकरा गावांचं काम धोक्यात येतंय,” असं म्हणाले. माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत.

ते शांतपणे म्हणाले, “ताई, माझा हंडा गळत नाही. पाणी भरून, दाब देऊन दाखवतो.”

“मग आकडा बदलतो कसा?”

त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. बायकांकडे पाहिलं. पाळीवर आलेल्यांपैकी एकीनेही मान वर केली नाही. “ते मला नका विचारू,” म्हणाले आणि किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवून गेले.

दोन्ही घाणे पेल्यात ४.१. बरण्या मी उघडल्या नाहीत. उघडायला हव्या होत्या. शहात्तर.

गुरुवार, १७ एप्रिल

फिटरकाका नाहीत, म्हणून वाफ नाही. काल आणि आज काम बंद. पन्नास क्रेट टोमॅटो सावलीत पडलेत आणि माश्या घोंघावतायत. आई संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन आली. काय बोलली कोण जाणे. उद्या येतील म्हणाली.

मी विचारलं, “ते माझ्यावर रागावलेत?”

“तुझ्यावर नाही,” आई म्हणाली.

शुक्रवार, १८ एप्रिल

लिहायला हात वळत नाही, पण आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी बूट, टोपी घालून मी कांडी घेऊन आत गेले. खिडकीतून पेला घ्यायचाच नाही, थेट हंड्यात बुडवायची, असं ठरवलं होतं. स्टुलावर चढले तर आईने माझं मनगट धरलं. “वाफ लागेल गं. हात भाजेल. मी देते ना काढून.”

“सोड.”

“पोरी, ऐक—”

“आई, सोड.”

४.८.

मी हंड्यात बघत होते, मग वळून बघितलं. पलीकडे रेडिओकाकू रिकाम्या हंड्यात उभ्या राहून तो घासत होत्या. हातात ओलं फडकं आणि फडक्यावर पांढरी पूड. मी सकाळी तोलून दिलेलं लिंबूसत्त्व. चाळीस दिवस ते हंडे चकचकीत करत होतं.

“हे कधीपासून?” मी विचारलं. गर तेवढा बुडबुडत होता.

आई म्हणाली, “क्रेट परत आली त्या आठवड्यापासून. अकराव्या घाण्यापासून. हंड्यात घातलं की आंबट होतं आणि परत येतं. नाही घातलं की तुझा आकडा चुकतो. म्हणून चिमूटभर पेल्यात घालत होते. लोकांना चव मिळाली, तुला आकडा मिळाला. कुणाचं काही बिघडलं नाही.”

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. मग कधीतरी सांगितलं, की हवा नसलेल्या बरणीत वाढणारा एक जंतू असतो. आंबटपणा पुरेसा असेल तर तो झोपून राहतो. नसेल तर त्याचं विष माणसाचा श्वास बंद पाडतं. क्वचित होतं, पण होतं.

“वास येतो?” आईने विचारलं.

“नाही.”

“चव बदलते?”

“नाही.”

“मग कळतं कशावरून?”

“कांडीवरून.”

आई उलट्या क्रेटवर बसली. “हे तू तेव्हा का नाही सांगितलंस?”

“सांगितलं होतं. तक्त्यावर आहे.”

“काय आहे तक्त्यावर, म्हणून दाखव.”

मी म्हणून दाखवलं. सूक्ष्मजीवजन्य विषबाधेचा संभाव्य धोका.

“मी चौथी शिकलेय,” आई म्हणाली. “‘माणूस मरतो’ एवढे दोन शब्द मला वाचता येतात.”

शनिवार, १९ एप्रिल

चौदा राहिले होते.

आई रात्रीपासून जेवलेली नाही. सकाळी म्हणाली, “आता आम्हाला कळलंय. सोमवारपासून हंड्यातच घालू, तुझी शपथ. परत आलं तर येऊ दे. चौदा घाणे खरे करू. तू सही कर आणि जा.”

“आणि बाहेर गेलेल्या बरण्या?”

“महिना झाला. काही व्हायचं असतं तर आतापर्यंत झालं असतं.”

मी पाच मिनिटं खरोखर विचार केला. खोटं कशाला लिहू, पाच नाही, अख्खी दुपार. कार्यालयात फोन केला तर केंद्र बंद, मोजणी शून्यावर, माझी जागा गेली. नाही केला तर मी गाडीत बसते, मागे चाकांची बॅग, आणि कुठल्यातरी घरात कुणीतरी एक बरणी उघडतं. मी वर्गात बसून त्याच जंतूबद्दल शिकत असेन.

फाटकापर्यंत तीनदा जाऊन आले. वाफ नव्हती, बाहेर जायला कुणाची ना नव्हती. पण जाऊन जाऊन घरीच जाणार, आणि घरी आई.

सोमवार, २१ एप्रिल

फोन केला. केंद्र बंद. अकराव्या घाण्यापासून शहात्तराव्यापर्यंत सगळ्या बरण्या परत आणायच्या. दोन हजार सहाशे चाळीस. त्यातल्या एक हजार दहा आमच्याच कोठारात आहेत. बाकीच्या लोकांच्या फळीवर.

रविवार, २७ एप्रिल

मी आणि बाबा सहा दिवस गाडीतून फिरतोय. बाबा गाडी चालवतात, मी उतरून सांगते. लोक द्यायला तयार नाहीत! उपाहारगृहाचा आचारी दारात आडवा उभा राहिला. “आता कुठे चव आली तुमच्या मालाला, आणि परत मागता?” एका दुकानदाराने विचारलं, “भाव वाढवायचाय वाटतं?” एका म्हातारीने तीन बरण्या पलंगाखाली लपवल्या होत्या. मी तिच्यापुढे हात जोडले. तेव्हा तिने दोन दिल्या. तिसरी बाबांनी तिच्याशी गुडघेदुखीवर अर्धा तास बोलून मिळवली.

आता मी तक्त्यावरची भाषा बोलत नाही. पहिल्याच वाक्यात सांगते, याने माणूस मरू शकतो. लोक बरणीकडे बघतात, मग माझ्याकडे. बरणीवर त्यांचा जास्त विश्वास आहे.

परतीच्या वाटेवर बाबा म्हणाले, “तुझ्या आईला वाटलं होतं, एप्रिलअखेर तू सुटशील.”

मी म्हटलं, “मला माहीत आहे, तिला पाळ्यांची काळजी होती.”

बाबांनी गाडीचा वेग कमी केला, काही बोलतील असं वाटलं. मग वेग वाढवला.

शुक्रवार, २ मे

एक हजार चारशे दोन परत आल्या. दोनशे अठ्ठावीस नाहीत. खाऊन झाल्या.

आता फक्त कुणी आजारी पडल्याच्या फोनची वाट. आज दुपारी वाजला, आई उठून भिंतीला टेकून उभी राहिली. गॅसवाला होता.

रस्त्यावरून जाताना कुणी खोकलं तरी मी वळून बघते. घरातून बाहेर पडावंसं वाटत नाही आणि घरात आई माझ्याशी बोलत नाही. वाढते, पाणी देते, दिवा लावते. बोलत नाही. मला वाटतं, मी तिला सगळ्यांसमोर ओरडले ते तिला लागलंय.

बुधवार, ७ मे

तपासनीस बाई येऊन गेल्या. चष्मा गळ्यात, बोलणं मोजकं. कुणी आजारी पडल्याची कुठूनही नोंद नाही, असं त्यांनी सांगितलं. मी खुर्चीत बसल्या बसल्या रडले. त्यांनी रडू दिलं, मग अर्ज पुढे केला.

‘चूक होण्याचे कारण’ या रकान्यात मी लिहिलं: प्रशिक्षण देणाऱ्या व्यक्तीने धोका कळेल अशा शब्दांत सांगितला नाही. त्या म्हणाल्या, “हे तुम्ही स्वतःबद्दल लिहिताय.” मी हो म्हटलं. पुढचा रकाना होता, ‘नमुना कोणी आणला’. तिथे दुसरं काय लिहिणार? आईचं नाव लिहिलं. आईने खाली सही केली, अक्षर अक्षर जोडत.

निर्णय असा: केंद्र २६ मेपासून चालू करता येईल. मोजणी पहिल्यापासून. नमुना जबाबदार व्यक्तीने स्वतः हंड्यातून घ्यायचा, दिवसभर हंड्याजवळच थांबायचं. आईला हंड्यांच्या पिवळ्या रेषेआत यायला मनाई. निवडीच्या ओट्यावर बसायला हरकत नाही.

मी विचारलं, “दुसरी जबाबदार व्यक्ती कार्यालयाकडून मिळेल का?”

“पदवीधर इथे यायला तयार नसतात,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला सोडायचं तर सोडा, तो तुमचा हक्क आहे. परवाना त्या दिवशी रद्द होईल, एवढंच.” त्यांनी हे अगदी मायेने सांगितलं.

सोमवार, १२ मे

रेडिओकाकू दारात आल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. “बघितलंस ना, कुणाला शिंकसुद्धा आली नाही. बेचाळीस घरी बसल्या. कशासाठी? तू पाहिलायस का तो जंतू?”

“पुस्तकात पाहिलाय.”

“पुस्तकात!” मग आवाज खाली आणला. “मॅडम नाही म्हणत, पोरी म्हणते. तुझी आई रोज आम्हाला सांगायची, माल परत येत राहिला तर घाणेच थांबतील, एवढे नव्वद होऊ द्या, माझी एकदाची सुटू दे, मग म्हणाल तेवढं आंबट करा. आम्ही तुझ्यासाठी गप्प बसलो. आणि तू आमच्यावर कागद लिहिलास.”

कुणी मेलं असतं तर मी बरोबर ठरले असते. मरू नये म्हणून केलं, आणि कुणी मेलं नाही, म्हणून चूक ठरले. हे कुणाला समजावून सांगू?

सोमवार, २६ मे

चालू झालं. बेचाळीसपैकी एकोणतीस आल्या. फिटरकाका सगळ्यांत आधी आले होते. मी त्यांच्यापुढे माफी मागितली. ते म्हणाले, “असू दे ताई. मीही गप्पच होतो.” मग बिडी खिशातून काढून, फाटकाबाहेर जाऊन ओढून आले.

पुडी मी स्वतः हंड्यात ओतली. स्टुलावर उभं राहून कांडी बुडवली. ४.१. खरा. रेडिओकाकूंनी चमचाभर चाखला आणि एक डोळा मिटला. “घ्या. दात शिवशिवले.” कुणी हसलं नाही.

काचेच्या खोलीपेक्षा इथे जागा कमी आहे. मागे भिंत, पुढे हंडा. समोर पिवळी रेषा आणि रेषेपलीकडे ओट्यावर आई, टोमॅटो निवडत.

शनिवार, ३१ मे

दहा घाणे झाले होते. अकरावा चालू होता तेव्हा फोन वाजला. शिक्षणसंस्थेतले कारकून. आवाज तरुण, घाईतला.

“आज शेवटचा दिवस आहे. तुम्ही येताय का? प्रतीक्षायादीतली मुलगी इथे समोर उभी आहे, तिचे वडीलही आलेत. सकाळपासून थांबलेत.”

गर उकळीला आला होता. तेव्हा हात थांबवून चालत नाही, खाली लागतो. मी फोन कान आणि खांद्यामध्ये धरला आणि ढवळत राहिले. रेडिओकाकूंनी झाकणांचं काम थांबवलं, मग सगळ्यांनीच थांबवलं.

“हॅलो? येताय का?”

“नाही,” मी म्हटलं.

“ठीक आहे. कारण काय लिहू? रकाना भरावा लागतो.”

मी हंड्यात पाहिलं. “हंडा चालू आहे,” म्हटलं.

“काय?”

“काम चालू आहे, असं लिहा.”

त्यांनी लिहिलं असावं. मागे कुणीतरी मुलगी आनंदाने ओरडल्याचं ऐकू आलं, मग फोन बंद झाला. रेडिओकाकू माझ्या हातातून पळी घेत म्हणाल्या, “आण इकडे, मॅडम. तुम्ही बसा जरा.” मी म्हटलं, मला उभं राहणं नियमाने बंधनकारक आहे. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. ओला होता, गरम होता. अकरावा ४.२, दुपारचा ४.१. बारा झाले.

आता हंडे गार होतायत. एक गोष्ट लिहून ठेवायची आहे, नाहीतर विसरेन. फोन झाल्यावर मी ओट्याकडे पाहिलं. आईची मान खाली होती, हात भराभरा चालला होता. पण ती चांगले, लालभडक, एक डाग नसलेले टोमॅटो उचलून सडक्यांच्या क्रेटमध्ये टाकत होती. एकामागोमाग एक. अर्धं क्रेट भरलं तरी तिच्या लक्षात आलं नाही. डोळ्यांना सारखा पदराचा शेव लावत होती, पाणी येत असावं.

तिचे डोळे तपासायला हवेत, नंबर वाढलेला दिसतो. आपणच घेऊन जावं म्हणते. पण कधी? बॉयलर बंद असतो तो फक्त रविवारी, आणि रविवारी डोळ्यांचा डॉक्टर नसतो.